खालच्या अंगाला कोण राहतं?



संयोजकांनी विषय दिला, ‘आधुनिक तंत्रज्ञान : समाजाला लाभ किती, हानी किती?’ शाळेत असताना ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिला आहे आणि शेवटी ‘सगळं वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं लिहून बऱ्यापैकी गुणही मिळवले आहेत. ते उत्तर मला पटत नाही. यंत्र वापरणारा एक असतो, भोगणारा भलताच असतो. ही भानगड त्या उत्तरात बसत नाही. म्हणून आज मी अमेरिका-जपानच्या गोष्टी सांगणार नाही. आपल्या पंचगंगेच्या काठानं चालू. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत या नदीनं एवढं तंत्रज्ञान पाहिलंय, की दुसरीकडं जायची गरजच नाही.

सुरुवात राधानगरीपासून करावी लागते. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पावसाळ्यात ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ असा निरोप आला, की नदीकाठची गावं जनावरं कुठं हलवायची याचा विचार करू लागतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आकडे आपल्या पोरांनासुद्धा पाठ आहेत. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तेव्हा तासातासाला पातळी मोबाइलवर येत होती आणि त्यामुळं माणसं वेळेत बाहेर पडली. हा लाभ मी कमी लेखणार नाही. पाऊस वाढला, की आजही मी आधी फोनच बघतो.

दुसरी आपल्या नावाची गोष्ट म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत आडव्या फळ्यांचे बरगे घालायचे, पाणी अडवायचं आणि पावसाच्या तोंडावर बरगे काढून नदी मोकळी करायची. साधं, स्वस्त, गावाच्या आवाक्यातलं. पुढं इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी आल्या. सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी नदीचं पाणी माळावर चढवलं. जिथं ज्वारी पिकायची मारामार होती, तिथं ऊस उभा राहिला. घरं स्लॅबची झाली, पोरी कॉलेजात गेल्या. या जिल्ह्याची सुबत्ता मोटारीनं आणली, हे नाकारणाऱ्यानं आपल्या आजीला विचारावं.

आता शिरोळ तालुक्यात या. काळी, खोल, कसदार जमीन. लाइट रात्रीची येते, म्हणून मोटर चालू करायची आणि झोपायचं. सकाळपर्यंत पाणी सरीतून वाहत राहतं. वर्षानुवर्षं असं पाणी पाजलं, सोबतीला पोत्यांनी रासायनिक खत टाकलं. जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर येत गेली. उन्हात वरचं पाणी उडून गेलं आणि मीठ मागं राहिलं. याला तिकडं मीठफुटी म्हणतात. उन्हाळ्यात अशा रानात उभं राहा. काळं रान पांढरं पडलेलं दिसतं, चाललं की वरचा पापुद्रा पायाखाली मोडतो आणि वेड्या बाभळीखेरीज काही तग धरत नाही. एकरी साठ-सत्तर टन ऊस देणारी जमीन अशी झाली, की तिच्या मालकाला दुसऱ्याच्या रानात मजुरीला जावं लागतं. यातली खोच बघा. मीठफुटी ज्याच्या रानात झाली, त्यानंच पाणी जास्त दिलं असं नाही. वरच्या अंगाच्या रानातलं पाणी जमिनीच्या पोटातून झिरपत खालच्या अंगाला येतं. मोटर एकाची, मीठ दुसऱ्याच्या वाट्याला.

याला उत्तरही तंत्रज्ञानानंच दिलं. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं सच्छिद्र पाइपांची निचरा योजना राबवली. रानात चार-पाच फूट खोल चर काढायचे, त्यात बारीक भोकांचे, गाळणीचं कापड गुंडाळलेले पाइप टाकायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि खारं पाणी नाल्यात काढून द्यायचं. पडीक झालेली जमीन पुन्हा पिकू लागली. पण यातला अवघड भाग पाइपांचा नव्हताच. पाइप सगळ्यांच्या रानातून जातो. मधल्या एकानं ‘माझ्या बांधातून चर नको’ म्हटलं की योजना अडली. भाऊबंदकी, कोर्टातले दावे, वीस वर्षं बंद पडलेली बोलचाल हे सगळं मिटवून शेकडो सातबाऱ्यांवरच्या नावांना एका कागदावर आणावं लागलं. तंत्रज्ञानाचा विद्यार्थी हे कुठल्या पुस्तकात शिकतो, मला माहीत नाही. आणि एक चिमटा काढतोच : ते खारं पाणी शेवटी नाल्यातून नदीतच जातं. म्हणजे आणखी खालच्या अंगाला कुणीतरी आहेच.

थोडं मागं, इचलकरंजीत जाऊ. 1904 साली तिथं पहिला यंत्रमाग आला, संस्थानिक नारायणराव घोरपडे यांचा त्याला पाठिंबा होता. त्या मागावर पुढं हजारो घरं जगली. कारखान्यात जाऊन बघा, मागांच्या खडखडाटामुळं माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालीनं आणि हातवाऱ्यांनी बोलतात. बाहेर आल्यावरही मोठ्यानंच बोलतात, कारण कान गेलेले असतात. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी, गावोगावचं सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी, सगळं नदीत. बंधाऱ्यानं पाणी अडतं तसं हेही अडतं. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण इतक्या वेळा वाचल्या, की आता पान उलटतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. नळाला पाणी आणणारा पंपही तंत्रज्ञान, आणि त्याच नळातून साथही घरात आली.

मोबाइलवर बोला, असं काहीजण मघाशी चहाच्या वेळी म्हणाले. बोलतो, पण थोडक्यात. 1998 साली वारणा साखर कारखान्याच्या भागातल्या सत्तर गावांना संगणकानं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळं गावात येणार होतं. प्रत्यक्षात शेतकऱ्यानं त्या केंद्राचा उपयोग केला तो आपल्या उसाचं वजन, बिल आणि खताची उधारी बघायला. पुढं काही संशोधकांनी सात गावांत तेवढंच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. मला यात अपयश दिसत नाही. काट्यावर आपला ऊस किती भरला, हे कुणाला न विचारता कळणं ही शेतकऱ्याच्या लेखी मोठीच गोष्ट आहे. बाकीच्या स्वप्नाबद्दल ऊस उत्पादकाला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि 7 जून 2023. मोबाइलवरच्या काही आक्षेपार्ह स्टेटसवरून आपल्या कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस ठेवणाऱ्याला आणि तो पुढं पाठवणाऱ्याला अंगठा हलवण्यापलीकडं काही करावं लागलं नाही. काचा फुटल्या त्या दुकानांच्या. शाहूंच्या गावात हे व्हावं याची मला लाज वाटते, एवढंच बोलून पुढं जातो.

आता या सभागृहाकडं वळतो, कारण इतका वेळ आपण शिरोळ आणि इचलकरंजीबद्दल हळहळत बसलो. आपण कोल्हापूरकर नदीच्या वरच्या अंगाला राहतो. आपल्या न्हाणीघरातलं, स्वयंपाकघरातलं पाणी जयंती आणि दुधाळी नाल्यांकडं जातं. तिथून ते पंपानं उचलून प्रक्रिया केंद्रात न्यायचं असतं. वीज गेली, पंप नादुरुस्त झाला, की नाला बांध ओलांडून थेट पंचगंगेत मिसळतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आपण ‘काय हे’ म्हणतो आणि क्रीडा पान उघडतो. लाभ घेणारे आपण आहोत, म्हणून त्या पंपाची चौकशी करणं हेही आपलंच काम आहे. जयंती नाल्यावर दुसरा पंप तयार ठेवलेला आहे का? वीज गेली तर जनरेटर चालतो का, त्यात डिझेल आहे का? हे प्रश्न महापालिकेत लेखी विचारता येतात आणि माहितीच्या अधिकारात त्यांची उत्तरं मिळतात. या पावसाळ्याआधी आपल्या प्रत्येक पेठेतून असा एक अर्ज जावा, एवढी विनंती करतो.