संगणक पेनड्राइव्ह ओळखत नाही तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’च्या नियमित सुधारणा थांबल्या आणि अनेकांनी ‘विंडोज ११’ बसवून घेतली. आता समजा, शिराळ्याच्या एखाद्या शाळेत गुरुजींनी निकालपत्रकांचा पेनड्राइव्ह लावला आणि संगणक ओळखच देईना. ‘पोर्ट जळाले’ म्हणून लगेच सांगलीची गाडी धरू नका. पोर्ट म्हणजे नुसते दार. आलेला पाहुणा कोण, हे सांगणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम निराळा, आणि नव्या प्रणालीत पुष्कळदा तोच अडखळतो. त्याच महिन्यात एका सुधारणेने विंडोज ११च्या दुरुस्तीच्या पडद्यावर खुद्द माऊस आणि कीबोर्डच बंद पाडले. २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टला घाईने उतारा द्यावा लागला!

आधी पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तिथे चालला, तर इथे ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा. शट डाउनने जुनी अवस्था पुष्कळदा तशीच साठून राहते. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून पिवळे चिन्ह शोधा. सापडलेच, तर त्या ओळीवर ‘अनइन्स्टॉल’ करून पुन्हा रीस्टार्ट करा. ड्रायव्हर बहुधा आपोआप बसतो. मात्र मध्येच संगणकाने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारले, तर हो म्हणू नका. निकालपत्रके त्यातच आहेत ना!