कुडाची भिंत

पावसाळा तोंडावर आला कीं मुळशी खोऱ्यांतील जुन्या घरांत एका कामाची घाई उडे. तें काम कुडाच्या डागडुजीचें. कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते आणि मरते. तिच्या वाळलेल्या काठ्या आणाव्या, उभ्या लावून आडव्या काठ्यांना बांधाव्या आणि दोन्ही अंगांनीं शेणमाती थापावी, अशी ती भिंत. पक्क्या घरांत राहणाऱ्या श्रोत्यांना ही गरिबाची तात्पुरती सोय वाटेल. परंतु तिचें कुळ पाहूं गेल्यास भल्याभल्या वाड्यांना मान खालीं घालावी लागेल.

याच पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनीं १९६८ ते १९८३ या काळांत तेथें उत्खनन केलें. इ. स. पूर्व सुमारें १६०० ते ७०० या दरम्यानचीं शंभराहून अधिक घरें उजेडांत आलीं. 'उजेडांत आलीं' असें म्हणावयाचें. प्रत्यक्षांत कुडाच्या काठ्या कुजून गेल्या होत्या आणि लेपाची माती मातीस मिळाली होती. उरली होती ती चोपलेली जमीन आणि खांबांचे खळगे. ते खळगे जोडीत गेलें कीं घराचा आराखडा उमटे.

आरंभींचीं घरें प्रशस्त व चौकोनी होतीं. एक तर चांगलें पांच खोल्यांचें निघालें आणि त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार; तें गांवच्या प्रमुखाचें असावें, असा संशोधकांचा तर्क आहे. मेलेलें मूल तोंडास तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालींच पुरीत. आईला तें आपल्यापासून लांब न्यावेंसें वाटत नसेल काय?

पुढें इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटलें, शेती खालावली, असें ढवळीकरांचें मत आहे. तेव्हांपासून चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या दिसूं लागतात. हा बदल हौसेचा नव्हे, दैन्याचा होय. कूड मात्र सुटला नाहीं.

मुळशीच्या वांट्यास दुष्काळ नव्हे, पाणी आलें. १९२१ सालीं सुरू झालेल्या आणि सेनापती बापटांच्या नांवाशीं जोडल्या गेलेल्या सत्याग्रहानंतरही टाटांच्या वीजयोजनेचें धरण झालें आणि खोऱ्यांतील कितीतरी गांवें घरांदारांसह बुडालीं. तेथील खळगे मोजावयास कोण जाणार? कांठावर उरलेल्या वस्त्यांत आतां वीट आणि पत्रा आला आहे. मुसळधार पावसांत राहणाऱ्यानें तो पत्करला, यांत त्याचा दोष नाहीं.

इनामगांवच्या खळग्यांवरून खांब कोठें होता तें कळतें, काठीला काठी कशी बांधली होती तें कळत नाहीं. ती गांठ मुळशींतील एखादा म्हातारा अजून हातानें मारून दाखवूं शकेल.