पगाराची बोलणी आणि झाकलेले पत्ते



संगणक-अभियंत्याची मुलाखत हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने श्रमाच्या बाजारातील एक सौदा आहे. त्याच्या पूर्वार्धात उमेदवाराची बुद्धी कसून तपासली जाते. प्रोग्रॅम लिहून घेतात, एखाद्या मोठ्या प्रणालीची रचना मांडायला लावतात. खरा प्रश्न त्यानंतर उद्भवतो. ‘सध्या किती मिळतात?’ असे विचारून जुन्या पगाराच्या पावत्या मागितल्या जातात. त्या जागेसाठी कंपनीने किती रक्कम योजिली आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. एकाचे पत्ते उघडे आणि दुसऱ्याचे झाकलेले, अशा खेळाला वाटाघाट म्हणावे काय?

माहितीच्या अशा विषमतेमुळे बाजार कसे विकृत होतात, याच्या विवेचनासाठी अकरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे ती विषमता पिढीजात कर्जासारखी वाढते. जुन्या पगारावर टक्केवारीने वाढ देण्याची प्रथा असल्यामुळे पहिल्या नोकरीत ज्याला कमी मिळाले, तो पुढेही मागेच राहतो. मुलांसाठी काही वर्षे घरी राहिलेल्या स्त्रीला तर हा हिशेब अधिकच जाचतो. त्यात ‘वार्षिक पॅकेज’च्या आकड्यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही बहुधा मिळवलेली असते. दरमहा हाती काय पडणार, हे उमेदवाराने लेखी मागून घेतले पाहिजे.

कामगारांची संघटना म्हणजे बाजारात ढवळाढवळ, असे म्हणणाऱ्यांनी सिलिकॉन व्हॅलीकडे पाहावे. परस्परांचे कर्मचारी फोडू नयेत असे संगनमत केल्याबद्दल अमेरिकेच्या न्यायखात्याने २०१० मध्ये सहा कंपन्यांवर दावा लावला. पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात ॲपल, गूगल, इंटेल व अडोबी यांनी २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. मालक एकत्र येतात. एकटा राहतो तो उमेदवार.

याच कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराचा जुना पगार विचारण्यास बंदी आहे. २०२३ पासून पंधरा वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीतच वेतनश्रेणी द्यावी लागते. भारतात खासगी नोकऱ्यांसाठी असा कायदा नाही. तो झाला पाहिजे. तोवर अभियंत्यांनी निदान आपापले पगार एकमेकांपासून लपवणे सोडावे. बोलण्यात चतुर असलेला एखादा चार पैसे अधिक मिळवील. पण सर्वांचा दर वाढायचा असेल तर आधी सर्वांना तो कळला पाहिजे.