कॉर्नरशॉप: आशाताईंचं नाव ब्रिटनच्या एक नंबरवर नेणारा बँड

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आज एका ब्रिटिश इंडी बँडच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलायचंय. या बँडचं एक गाणं तुमच्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे ऐकलं असेल, पण बँडचं नाव विचारलं तर चटकन आठवणार नाही. गाणं आहे 'ब्रिमफुल ऑफ आशा'. फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर पहिल्या क्रमांकावर होतं. आणि हो, त्यातली आशा म्हणजे आपल्याच आशाताई, मंगेशकरांच्या घरातल्या आशा भोसले. बँडचं नाव कॉर्नरशॉप.

हे गाणं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी येऊ. मला जास्त रस आहे तो त्याआधीच्या सहा-सात वर्षांत. कारण हा बँड सुरू झाला तेव्हा तो चिडलेला होता, आणि का चिडलेला होता हे समजल्याशिवाय आशाताईंवरचं गाणं नीट कळत नाही.

बँडचा गायक आणि गीतकार तजिंदर सिंग. जन्म १९६८, गाव वुल्व्हरहॅम्प्टन, घर पंजाबी. आता हे साल आणि हे गाव एकत्र आलं की ब्रिटनमधल्या माणसाला एकच नाव आठवतं: इनॉक पॉवेल. वुल्व्हरहॅम्प्टनच्याच एका मतदारसंघाचे खासदार. एप्रिल १९६८ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांच्या विरोधात ते कुप्रसिद्ध भाषण केलं, ज्याला 'रक्ताच्या नद्या' म्हणून ओळखतात. म्हणजे तजिंदर पाळण्यात होता, तेव्हा त्याच्या गावचे खासदार त्याच्यासारख्या घरांबद्दल हे बोलत होते.

पुढे तो शिकायला प्रेस्टनला गेला. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला बेन एअर्स भेटला. दोघांनी 'जनरल हॅवॉक' नावाचा बँड काढला. मग १९९१ मध्ये लेस्टर शहरात तजिंदर, त्याचा भाऊ अवतार, बेन एअर्स आणि ड्रमवर डेव्हिड चेंबर्स, अशा चौघांचा कॉर्नरशॉप तयार झाला.

लेस्टरबद्दल दोन वाक्यं सांगते. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने थेट युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका, इथे जागा नाही. लोक तरीही आले. दुकानं टाकली, गिरण्या-कारखान्यांत कामं केली, शहर उभं केलं.

आणि दुकान म्हटलं की बँडचं नाव आलंच. कोपऱ्यावरचं किराण्याचं दुकान, सकाळी लवकर उघडणारं आणि रात्री उशिरापर्यंत चालू असणारं. ब्रिटनमध्ये आशियाई माणूस म्हणजे हे दुकान चालवणारा, असा ठरलेला साचा होता. टोमणाच तो. या पोरांनी तो टोमणा उचलला आणि पाटी म्हणून स्वतःच लावला. तुम्ही नाव ठेवण्याआधी आम्हीच ठेवतो, काय करायचं ते करा.

त्या काळात ब्रिटिश इंडी म्हणजे जवळपास पूर्ण गोऱ्या पोरांचं जग. आणि त्या जगाचं दैवत कोण, तर 'द स्मिथ्स'चा मॉरिसी. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात मॉरिसी ब्रिटनचा झेंडा घेऊन मंचावर आला. आज यात काय एवढं, असं वाटेल. पण तेव्हा तो झेंडा रस्त्यावर मिरवायचे ते नॅशनल फ्रंटवाले, स्किनहेड्स. त्यात मॉरिसीच्या नव्या अल्बममध्ये नॅशनल फ्रंटचं नाव असलेलं एक गाणं होतं, आणि आधीच्या एका गाण्यात बंगाली मुलाचा उल्लेख अनेकांना खटकला होता. वाद पेटला. कॉर्नरशॉपने काय करावं? मॉरिसीच्या रेकॉर्ड कंपनीच्या, म्हणजे ईएमआयच्या, लंडनमधल्या ऑफिससमोर जाऊन त्याचा फोटो जाळला.

हा नुसता स्टंट होता असं म्हणणारे होतेच, आणि प्रसिद्धी मिळाली हेही खरं. पण विचार करा, ज्या संगीतावर तुम्ही वाढलात, त्याचाच मोठा माणूस तुमच्यावर दात धरून असलेल्यांचा झेंडा खांद्यावर घेतो. तेव्हा गप्प बसणं हीसुद्धा एक भूमिकाच झाली असती.

मग रेकॉर्ड लेबल मिळालं. लेबलचं नाव विजा. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना आवडेल अशी गंमत आहे यात. लंडनच्या रफ ट्रेड दुकानातून हे लेबल निघालं, आणि त्या दुकानाचा पिनकोड होता डब्ल्यू, एक, एक, एक, जे, ए. ते तीन एक इंग्रजी आय अक्षरासारखे वाचले की झालं नाव. १९९३ मध्ये यांची पहिली छोटी रेकॉर्ड आली, 'इन द डेज ऑफ फोर्ड कॉर्टिना'. तबकडीचा रंग? करीचा. म्हणजे पुन्हा तोच टोमणा, पुन्हा स्वतःच्या हाताने.

संगीत कसं होतं? खरं सांगायचं तर कच्चं. गिटारचा गोंगाट, मध्येच सतार, ढोलक, ताल कधी सुटलेला. सुरुवातीचा कॉर्नरशॉप सफाईने वाजवणारा बँड नव्हता. १९९४ चा पहिला पूर्ण अल्बम 'होल्ड ऑन इट हर्ट्स' ऐकलात तर त्यांना काय नको आहे हे लख्ख कळतं. काय हवंय, ते अजून सापडत नव्हतं.

ते सापडायला लागलं १९९५ मध्ये, 'वुमन्स गॉटा हॅव इट' या अल्बमवर. त्याची सुरुवात आणि शेवट 'जुलंदर शेरे' नावाच्या गाण्याच्या दोन रूपांनी होतो, एक सकाळी सहाचं, एक सात वीसचं. गाणं चक्क पंजाबीत. एकच सूर धरून चाललेलं, घाई नाही, भांडण नाही. बँडमध्ये तंबोरा कोण वाजवायचं माहितीये? बेन एअर्स, गोरा माणूस. आणि पंजाबी तजिंदर गिटारवर. 'टॉकिंग हेड्स'च्या डेव्हिड बर्नने त्यांना आपल्या ल्युआका बॉप लेबलवर अमेरिकेत आणलं.

यानंतर १९९७ चा अल्बम, 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. तोवर अवतार आणि चेंबर्स बाहेर पडले होते, तजिंदर आणि बेन हाच गाभा उरला होता. यात बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत गायलंय. १९६५ मध्ये त्या गाण्यासाठी जॉर्ज हॅरिसनने सतार हातात घेतली होती. ३२ वर्षांनी एका पंजाबी घरातला मुलगा ते गाणं आपल्या भाषेत घेऊन आला. कुणी कुणाकडून घेतलं, हा हिशेब बसा करत.

आणि याच अल्बमवर 'ब्रिमफुल ऑफ आशा'. पार्श्वगायिकेवरचं गाणं. पडद्यावर दिसते ती नायिका, गाते ती कुणी दुसरीच. शिवाय ४५ च्या वेगाने फिरणाऱ्या छोट्या तबकड्यांवरचं प्रेम. आशाताई, लतादीदी, रफीसाहेब यांची नावं येतात, आणि त्याच रांगेत फ्रेंच गायक, जमैकन रेकॉर्ड्सचं लेबल आणि ब्रिटनचा मार्क बोलन. वेगळी पाटी नाही, वेगळा कप्पा नाही. घरातल्या तबकड्यांच्या गठ्ठ्यात जशा सगळ्या एकमेकींना चिकटून असतात, तशा.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट काय वाटते सांगू? हे गाणं कुठेही थांबून इंग्रज श्रोत्याला समजावत नाही की आशा कोण. आपण दुसऱ्या भाषेत बोलायला लागलो की लगेच खुलासे सुरू होतात. पुरणपोळी म्हणजे गोड चपाती, वगैरे. तजिंदरने खुलासा दिलाच नाही. आशा म्हणजे एक व्यक्ती आणि आशा म्हणजे उमेद, काठोकाठ भरलेली. हा श्लेष आपल्याला फुकट मिळतो, तिकडच्यांना शोधावा लागला. फोटो जाळण्यापेक्षा हे जास्त धाडसाचं आहे, असं माझं मत. पण ती आग आधी लागली नसती, तर इतकं निवांत गाता आलं असतं का, शंका आहे.

ऑगस्ट १९९७ मध्ये हे गाणं चार्टवर ६० व्या क्रमांकापर्यंत गेलं. बस. जॉन पीलच्या श्रोत्यांनी मात्र त्या वर्षाच्या 'फेस्टिव्ह फिफ्टी'त त्याला पहिलं निवडलं. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, त्याने वेग वाढवला, सूर वर चढवला, खाली दणदणीत ठेका घातला. तो रीमिक्स थेट एक नंबरवर. बहुतेक जगाला तोच माहीत आहे.

यश होतंच, पण महागाचं. पुढचं सिंगल २३ व्या क्रमांकावर थांबलं, पुढचा अल्बम यायला २००२ उजाडलं, आणि लोकांनी त्यांना 'एका गाण्याचा बँड' म्हणून फाइल बंद केली. साचा मोडायला निघालेल्यांच्या वाट्याला शेवटी दुसरा साचा आला. फक्त यावेळी तो त्यांनी स्वतः निवडलेला नव्हता.

तर आजचा गृहपाठ. आधी १९९३ ची ती गोंगाटी रेकॉर्ड ऐका. आवडली नाही तरी चालेल. मग 'जुलंदर शेरे', शक्यतो सकाळी. मग 'ब्रिमफुल ऑफ आशा'चं मूळ रूप, हळू, आळसावलेलं. रीमिक्स सगळ्यात शेवटी. आणि त्यानंतर वाटलंच, तर घरात आशाताईंची जी जुनी रेकॉर्ड किंवा कॅसेट असेल, ती लावा. कोणती लावलीत ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात.