पडदा धूसर, पण संगणक धडधाकट



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून बघावं, असं अनेकांच्या मनात आलं. लिनक्स बसतं, चालूही होतं. पण अक्षरं जाडीभरडी आणि पसरट दिसतात. सेटिंगमध्ये जावं तर १०२४ बाय ७६८च्या वर काही निवडताच येत नाही. मग ‘मशीन म्हातारं झालं’ म्हणून लोक मोकळे होतात. हा निकाल मला अजिबात मान्य नाही. पुष्कळदा मशीनही धड असतं आणि मॉनिटरही. त्या दोघांमधला निरोप तेवढा पोचलेला नसतो.

हा निरोप म्हणजे ‘ईडीआयडी’. मॉनिटरमधल्या एका चिपमध्ये १२८ बाइटची माहिती असते: मी कोण, कोणत्या आकारात आणि किती हर्ट्झवर चित्र दाखवू शकतो. निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांमधून येते. चित्राचे रंग वेगळ्या तारांतून येतात. त्यामुळे या दोन तारा तुटल्या, किंवा स्वस्त केबलमध्ये त्या जोडलेल्याच नसल्या, तरी चित्र दिसत राहतं आणि केबलचा संशय कुणालाच येत नाही. निरोप न मिळालेलं लिनक्स सावधपणे लहान आकार धरतं. म्हणून आधी दुसरी केबल लावून बघा; मधे स्विच किंवा कन्व्हर्टर असेल तर तो काढा. केबलच्या तोंडातल्या पिना उजेडात धरून तपासा. मात्र ९ नंबरची पिन कित्येक केबलींत मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका.

केबल ठीक असेल तर ड्रायव्हरकडे वळा. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-के’ जोडून दिली की ग्राफिक्स चिपसाठी कोणता ड्रायव्हर चालू आहे ते कळतं. इंटेलच्या बहुतेक चिपना ‘आय९१५’, एनव्हिडियाला ‘नूव्हो’, जुन्या एएमडीला ‘रेडिऑन’ दिसायला हवा. तिथे काहीच नसेल, तर लिनक्स बसवताना घातलेला ‘नोमोडसेट’ हा शब्द ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमध्ये राहिलाय का ते बघा. काळा पडदा टाळायला तो घालतात आणि नंतर काढायचं राहून जातं. तो काढा, ग्रब अद्ययावत करा, मशीन पुन्हा सुरू करा. काही नेटबुकांमधल्या इंटेल जीएमए ५०० किंवा सिसच्या ६७१ यांसारख्या चिपना लिनक्समध्ये चांगला ड्रायव्हर कधी लाभलाच नाही. तिथे फार हट्ट धरू नये.

ड्रायव्हर बरोबर आहे, पण निरोप काही केल्या येत नाही, तेव्हा तो आपणच लिहून द्यायचा. १४४० बाय ९००चा मॉनिटर घ्या. टर्मिनलमध्ये ‘सीव्हीटी १४४० ९०० ६०’ असं टाइप केलं की ‘मोडलाइन’ नावाची आकड्यांची ओळ मिळते. तिचा पहिला आकडा १०६.५० मेगाहर्ट्झ असतो. ती ओळ ‘एक्सरँडआर’ या पडद्याचा आकार बदलणाऱ्या आज्ञेला आधी ‘न्यूमोड’ने सांगायची, मग ‘ॲडमोड’ने व्हीजीएच्या जोडणीला लावायची आणि शेवटी निवडायची. जोडणीचं नाव ‘एक्सरँडआर’ स्वतःच दाखवतं, ते जसंच्या तसं लिहा. १३६६ बाय ७६८ मागितलं तर ‘सीव्हीटी’ १३६८ देतं, कारण त्याला रुंदी आठाच्या पटीत लागते. त्यात चूक काही नाही. पडद्यावर चित्र मांडणाऱ्या ‘वेलँड’ या नव्या प्रणालीवर ही युक्ती चालत नाही. तिथे कर्नलच्या ओळीत ‘व्हिडिओ’ हा पर्याय घालून आकार सांगावा लागतो.

जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर मात्र मनाचे आकडे घालू नका, चुकीच्या वारंवारतेने तो बिघडू शकतो. सपाट पडदा बहुधा ‘मर्यादेबाहेर’ असा संदेश देऊन गप्प बसतो.

एक्सरँडआरने केलेला बदल मशीन बंद केल्यावर जातो. म्हणून त्या तीन आज्ञा घरच्या फोल्डरमधल्या ‘एक्सप्रोफाइल’ फाइलमध्ये लिहून ठेवा. आणि संगणक भंगारवाल्याला देण्याआधी शेजाऱ्याकडून एक व्हीजीए केबल मागून आणा, ती लावून बघा.