आधी पाणी, मग फडकं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



ऑगस्ट २०१९ आठवतो ना? वर सातारा जिल्ह्यात धो धो पाऊस, कोयनेचा विसर्ग, आणि इकडं सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर! पाणी ओसरल्यावर मदत म्हणून मी शेजारच्या काकांच्या गाडीवरचा वाळलेला गाळ फडक्यानं पुसून काढला. दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटभर ओरखडे दिसले. काका काही बोलले नाहीत. मला मात्र अजून लागतं.

गाळात बारीक वाळू असते. पुसलं की तीच रंगावर घासते. म्हणून आधी हात लावायचाच नाही. पाण्यात बुडालेली गाडी मेकॅनिकनं बघितल्याशिवाय चालू करू नका. ढकलत सावलीत घ्या. वरून खाली भरपूर पाणी सोडा, गाळ भिजू द्या, पुन्हा पाणी सोडा. मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ फडकं टपापासून खाली, सरळ, न दाबता फिरवा. दर वेळी ते साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्यानं. कपड्यांची पावडर नको.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या मदतीला धावायला शिकलो. आता ती मदत नीट करायलाही शिकू या.