फॉर्म बाद होऊ देऊ नका
(उमापूर येथील महिला मेळाव्यातील मनोगत)

ताईंनो, जिल्हा परिषदेत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. मग “तुला काय जमतंय” ऐकून मागं का सरायचं? कायदा काय मागतो ते बघा.

वय 21 पूर्ण पाहिजे. बीड जिल्ह्याच्या मतदार यादीत नाव पाहिजे. ऊसतोडीला गेलं म्हणून ते आपोआप कटत नाही. पण परजिल्ह्यातल्या माहेरीच राहिलं असेल, तर आत्ताच इकडं आणा. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेलं तिसरं मूल असेल तर उमेदवारी बाद. घरपट्टी, पाणीपट्टी थकवू नका, पावती जपा. जातीच्या राखीव जागेला जात पडताळणी लागते.

छाननीत फॉर्म उडाला की पाच वर्षं गेली. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीसोबत मतदार यादीही उघडा.